डॉक्टरबाईंचं बोट

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ट्रम्पेटवाल्याने तिसऱ्या रचनेचा शेवट पुन्हा बदलला. काल बदललेला शेवट त्याला झोपेतच जुना वाटू लागला होता. गाजलेल्या आधुनिक जॅझ रचना घ्यायच्या, त्यांचे सांधे खिळखिळे करायचे आणि त्या आपल्या पद्धतीने नव्याने उभ्या करायच्या, हे त्याचं वेड. बायकोचं म्हणणं एवढंच, की खिळखिळं करणं छान जमतं. उभं करायलाच वेळ पुरत नाही.

त्याला एका जागी उभं राहून वाजवता येत नसे. तसाच येरझाऱ्या घालताना त्याने कपाटाचा खण धाडकन लावला, तो डाव्या हाताच्या बोटावरच. बोट टम्म सुजलं.

"अहो, आज तरी जरा स्वस्थ बसा," बायको म्हणाली.

"कसा बसू? आजही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर जॅझ कायमचं बंद, असं हॉलच्या मालकांनी ठणकावून सांगितलंय!"

आणि त्याने ते सुजलेलं बोट ट्रम्पेटच्या कडीत घुसवलं. वाद्य जुन्या घडणीचं. धरायची कडी त्याच्या अंगालाच सोल्डरचा डाग देऊन पक्की जोडलेली. बोट आत गेलं ते गेलंच. साबण झाला, तेल झालं, बर्फ झाला. शेवटी बायकोने त्याला ट्रम्पेटसकट टॅक्सीत कोंबलं. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, "वाजवा की एखादं!"

दवाखाना खोकणाऱ्यांनी गच्च भरला होता. त्यांचा नंबर लागेपर्यंत संध्याकाळ व्हायला आली.

"काय होतंय?" डॉक्टरबाईंनी वर न बघताच विचारलं.

"अडकलंय."

"छातीत?"

"ट्रम्पेटमध्ये."

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. पण बाई हुशार होत्या. बोटाला दोरा गुंडाळला, वंगण लावलं, हलकेच पीळ दिला आणि बोट मोकळं! ट्रम्पेटवाल्याने आधी वाद्याचा मुका घेतला, मग त्यांचे आभार मानले.

"पण एवढ्याशा कडीत बोट अडकतंच कसं?" असं म्हणत डॉक्टरबाईंनी कुतूहलाने आपलं बोट आत घालून पाहिलं. वंगणामुळे ते सर्रकन गेलं. बाहेर मात्र येईना.

दोऱ्याची युक्ती करायला दोन हात लागतात. बायकोने बाईंच्या सांगण्यावरून प्रयत्न केला, तर बोट आणखीच फुगलं.

"कडी कापू या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कडी नाही कापायची! तासाभरात कार्यक्रम आहे माझा!"

"मग काय बोट कापू?"

"नको, नको. तुम्ही... तुम्ही चला माझ्याबरोबर."

"आणि आमचं काय?" दारातून डोकावणारे एक आजोबा कडाडले. "दुपारपासून बसलोय आम्ही!"

"तुम्हीही चला," बायको वैतागून म्हणाली. ते खरंच निघाले. सगळेच निघाले.

तर त्या संध्याकाळी रंगमंचावर एका ट्रम्पेटला दोन माणसं होती. डाव्या हाताने डॉक्टरबाईंनी ते धरलं होतं, उजव्या हाताने तो खटके दाबत होता. समोर ओळीने पेशंट. ड्रमरने काहीही न विचारता ठेका धरला.

पहिलीच सुरावट ऐकून डॉक्टरबाई चमकल्या. "अय्या, कॉलेजात असताना ऐकायचे मी हे!" आणि त्या डोलू लागल्या. तो मूळ सुरावट सोडून आपल्या आडवळणाला लागला, पण बाई जुन्याच वळणावर डोलत राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर ट्रम्पेटही त्याच्या ओठांवरून निघून गेलं. दोनदा त्याने ते ओढून आणलं. तिसऱ्यांदा दातावर आपटलं, तेव्हा त्याने हार मानली. बाई डोलतील तिकडे तो जाऊ लागला, आणि त्यांनी श्वास घ्यायला उसंत दिली की मध्येच आपली एखादी गिरकी टाकू लागला. त्याचे पाय शिवशिवत होते, पण हलायला जागाच नव्हती. खोकणारे आजोबा सूर थांबायची वाट पाहून मगच खोकत होते.

"अरे, आज आपण कुठे चाललोय ते कळतंय मला!" ड्रमर मागून आनंदाने ओरडला.

मध्यंतरात पेशंटांनी रंगमंचावर रांग लावली. डॉक्टरबाई मोकळ्या हाताने नाडी बघत, "आ करा" म्हणत. बायको औषधांची नावं लिहून घेत होती.

शेवटची रचना रंगात आली असताना डॉक्टरबाई त्याच्या कानाशी कुजबुजल्या, "निघालं."

त्याने सूर न सोडता भुवया उंचावल्या.

"बोट निघालं. मघाशीच." ते त्यांनी जरा बाहेर काढून दाखवलं आणि पुन्हा कडीत घातलं. "पण एवढं होऊ दे."

टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. हॉलचे मालक लगबगीने आत आले. ते थेट ट्रम्पेटवाल्यासमोर येऊन उभे राहिले.

"पुढच्या महिन्याची तारीख धरा," मालक म्हणाले. मग त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दातांचे डॉक्टर कुणी ओळखीचे आहेत का हो? त्यांच्याकडे गर्दी जास्त असते."