लग्नाचं पाणी आणि आमची आंघोळ

या सफरीत केशोरावला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. चुन्नीलाल शेठच्या विडी कारखान्याची अख्ख्या मारवाडची एजन्सी, आणि तिच्या जोरावर मुकादमकीतून कायमची सुटका. अट एकच. गोंदियाहून सायकलीनं निघून मारवाडातल्या शेठजींच्या गावी पोचायचं. तेही त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला, वरात निघायच्या आत. नवेगाव बांधच्या झामसिंगला स्वतःची सायकल मिळणार होती. मला महिनाभर विड्या मोजाव्या लागणार नव्हत्या. खरं सांगायचं तर सगळ्यात पक्का नफा माझाच.

"लिहून घ्या," निघताना केशोराव म्हणाला. "लग्नाच्या दिवशी दुपारचा चहा शेठजींच्या ओसरीवर!"

लग्नाचा दिवस उजाडला तेव्हा शेठजींचं गाव दोन कोसांवर होतं, पण ते कोस वाळूचे. आम्ही सायकलीवर बसलो कमी, सायकलीच आमच्या खांद्यावर बसून आल्या. केशोराव बोलला की मिशीतून वाळू गळायची.

टेकडी उतरलो आणि समोर तळं. भोवती झाडून काढल्यासारखी जमीन, मधे निळंशार पाणी, माणूस कोणी नाही.

झामसिंगच्या गावात तळं दिसलं की कपडे काढायचे, एवढीच रीत. "केशोरावजी, असं धुळीनं भरून शेठच्या दारी कायले जाता?" हे वाक्य संपलं तेव्हा तो गळाभर पाण्यात होता. केशोरावला मुद्दा पटला. मलाही. साबण लावला, धोतरं खळबळली, शेवटी सायकलीही आत ओढल्या. साखळ्यांचं तेल पाण्यावर मोरपिसासारखं पसरलं.

"कसं मस्त दिसून राहिलं," झामसिंग म्हणाला.

वर बघतो तर काठावर बायका. डोक्यावर घागरी. ओरडलं कोणीच नाही. एकेकीनं घागर उतरवली आणि वाळूत पालथी घातली. मग त्यांच्यामागून काठ्या घेऊन पुरुष आले.  शिव्या दिल्या असत्या तर जरा बरं वाटलं असतं.

झामसिंगनं समजूत घालायचं मनावर घेतलं. "हमारे इधर तो तालाब में भैंस भी बैठती है, काका. कोई कुछ नहीं बोलता."

दोन काठ्या जमिनीवरून उचलल्या गेल्या.

"आता बोलू नको बे," मी म्हणालो.

केसरबाई नावाची एक म्हातारी पुढं आली. "ओ पाणी म्हे जेठ तांई पीवां," ती शांतपणे म्हणाली. म्हणजे पाऊस येईपर्यंत सगळ्या गावाला प्यायला हेच पाणी. या काठावर गावचं माणूस वहाण घालूनसुद्धा येत नाही, आणि आम्ही त्यात सायकली धुतल्या होत्या.

केशोरावनं हुकमाचं पान टाकलं. "हम चुन्नीलाल सेठ के आदमी हैं."

"आछो," म्हातारी म्हणाली. "सेठ रै ब्याव रो पाणी भी अठै सूं ही जावै."

शेठजींच्या गावचं तळं आटलेलं होतं. वरातीचं पाणी इथूनच जायचं होतं. केशोरावचा चेहरा ओल्या धोतरासारखा खाली लोंबला.

निकाल तिथंच लागला. सायकली एका कोठीत बंद. लग्नाचं पाणी आम्ही अडीअडचणीला ठेवलेल्या खोल विहिरीतून काढून द्यायचं. त्या विहिरीचा दोर उंट ओढतो. उंटाला सोडलं, आम्हाला जुंपलं. गोंदियाच्या फलाटाएवढं चालावं, तेव्हा कुठं एक मोट वर यायची. प्रत्येक फेरीला केशोराव सूर्याकडे बघायचा.

"टाइम हाये जी अजून," झामसिंग म्हणायचा. "ओढा."

उन्हं कलली आणि शेठजी स्वतःच उंटगाडीतून उतरले. केशोरावनं झटकन उपरणं तोंडाला गुंडाळलं. आम्हीही.

"बारात खड़ी है. पानी में इतनी देर काहे की?"

"तळाव बिगडग्यो," म्हातारी म्हणाली.

"किसने बिगाड़ा?"

वरात अजून निघाली नव्हती, आणि शेठजी समोरच उभे होते. केशोरावनं उपरणं काढून 'पोचलो जी' म्हटलं, की अट पुरी आणि एजन्सी त्याची. पण मग आंघोळही त्याचीच. त्याचा हात उपरण्यापर्यंत गेला. मी दोर घट्ट धरला. हात तिथंच थांबला, आणि परत दोरावर आला.

म्हातारीनं आम्हा तिघांना एकदा नीट पाहिलं. "राहगीर हा," ती म्हणाली. "गया परा." म्हणजे वाटसरू होते, निघून गेले.

"हमारे भी आदमी आने वाले थे, गोंदिया से, सायकल पर," शेठजी म्हणाले. "नहीं आए. निकम्मे. एजन्सी अब जमाई को ही दे देता हूँ." मग त्यांचं लक्ष केशोरावच्या घामेजल्या पाठीकडे गेलं. खिशातून कारखान्याच्या विड्यांचं बंडल काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवलं. "ले भाई. तू अच्छा खींचता है."

गाड्या भरून गेल्या. केशोराव बंडलाकडे बघत बसला. झामसिंगनं त्यातली एक विडी काढून पेटवली.

"पान आपल्याच जंगलातलं हाये जी," तो म्हणाला.

तर हिशेब असा. एजन्सी गेली केशोरावची, सायकल गेली झामसिंगची, तळहाताची सालटी गेली तिघांची. पुन्हा विड्या मोजतोय तो मी. त्या दिवशी निव्वळ नफ्यात राहिला तो एकटा उंट.