गुप्तेकाकांचं पिवळं हेल्मेट

गुप्तेकाका कॉम्प्युटरवर बसताना डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवायचे. प्लांटवर कामगार घालतात, तसलं. आमच्या ऑफिसात डोक्यावर पडण्यासारखा फक्त पंखा होता.

नव्वदच्या दशकात अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये, एका रंगाच्या कारखान्यात काका स्टोअर्स सांभाळायचे. मी नुकतीच नोकरीला लागले होते. मालाच्या साठ्याचा प्रोग्राम मी लिहिलेला. त्यात एरवी आकडा नुसता बघता यायचा. एक बटण दाबलं की तो बदलताही यायचा, पण पडद्यावर काहीच वेगळं दिसायचं नाही. तीच काळी पाटी, तीच हिरवी अक्षरं.

एकदा बदल चालू ठेवूनच काकांनी जेवणाचा डबा उघडला. डब्याची कडा नवाच्या बटणावर टेकली. जेवण संपेपर्यंत आमच्याकडे बारवी धरण रंगवून उरेल एवढा निळा रंग जमला होता.

उल्हासनगरहून आलेले शेठ कडाडले, "गुप्तेजी, और एक गलती हुई ना, तो पीछे के गोदाम में बैठना. अकेले!"

मागच्या गोदामात नुसती पिंपं. काकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून हेल्मेट.

"हे डोक्यावर असलं म्हणजे मी बदलतोय. कोणी बोलायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. "काढलं, म्हणजे नुसता बघतोय. मग खुशाल बोला."

एकदा खुद्द शेठ काही विचारायला आले. काकांनी बोटानं हेल्मेट दाखवलं.

"अरे साईं, मैं मालिक हूँ!"

काकांनी आकडा पुरा केला, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "नमस्कार शेठ. कधी आलात?"

हळूहळू सगळे ताटकळायला लागले. डिस्पॅचचे सावंत ओरडायचे, "उतरलं रे!" की लोक काकांभोवती. कोणाला पत्र्याचे डबे हवे असायचे, कोणाला सासूची तक्रार सांगायची असायची. काका हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकायचे. "हां, मग पुढे?"

शेवटी मी प्रोग्राम सुधारला. बदल चालू असला की अख्खा पडदा हिरवा आणि अक्षरं काळी. दारातूनही कळायचं. काका खूश झाले. हेल्मेट प्लांटवर परत गेलं.

आता पडदा काळा दिसला की जो तो येऊन बिनधास्त आकडा वाचायचा आणि निघून जायचा. काकांना कोणी काही विचारेना.

एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. "पोरी, ते हिरवं जरा फिकट करता येईल?"

"डोळ्यांना त्रास होतो?"

"नाही गं. म्हणजे कोणीतरी विचारायला येईल, इतपत फिकट." मग हळूच म्हणाले, "ही गेल्यापासून हेंद्रेपाड्याला घरी तोंड उघडायचं काही कारणच नसतं."

"काका, फिकट केलं आणि पुन्हा चूक झाली, तर गोदाम."

"तेही खरंच," म्हणत ते वळले.

आपणहून बोलणं मला कधी जमलेलं नाही. विचार करकरून एकच प्रश्न सुचला. "काल रात्री जेवायला काय केलं होतंत?"

काका थांबले. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"भेंडी," ते म्हणाले. "पण आधी ती घेतली कुठून, ते ऐक."