खून कंपाउंडरनेच केला

माझ्याइतका शांत डोक्याचा माणूस मुरबाडात शोधून सापडणार नाही, हे आधीच सांगतो. त्यामुळे सापगावच्या हरेशच्या कादंबरीवर सिनेमा आला तेव्हा मी जळलो वगैरे अजिबात नाही. फक्त दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता बघा, इथलं वाचनालय मी सांभाळतो. बारा वर्षं नाटकं लिहून मासिकांना पाठवतोय आणि पोस्टमन ती इमानाने परत आणून देतोय. माझी एक ओळ कुठे छापून आलेली नाही. आणि हा हरेश, एसटीतला कंडक्टर, तिकिटं फाडता फाडता खुनाची कादंबरी लिहितो, ती छापून येते, वर तिचा सिनेमा! तो म्हसा गावच्या जत्रेत, तंबूत लागणार होता. माझ्या बायकोने, भूमिकाने, आठवडाभर आधीच नवी साडी इस्त्रीला दिली. माझ्या नाटकाच्या वाचनाला हीच बाई तांदूळ निवडत बसली होती.

मी ठरवलं, या गोष्टीतला जीवच काढून घ्यायचा. वाचनालयात जो येईल त्याच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारायचा आणि हळूच सांगायचं, "खून कंपाउंडरने केलाय. कुणाला बोलू नका." बोलू नका म्हटल्यामुळे तीन दिवसांत बातमी शहापूरला पोचली.

तंबू तरीही खच्चून भरला. मागे हरेश अंग चोरून बसला होता. सिनेमा इतका रटाळ की काय सांगू! प्रेत पडलेलं असताना सहा गाणी झाली आणि इन्स्पेक्टर दोनदा प्रेमात पडला. माणसं जागी होती ती फक्त कंपाउंडरवर नजर ठेवायला. आणि शेवटी खुनी निघाला दूधवाला! कंपाउंडरचं काम निर्मात्याच्या मेहुण्याने केलं होतं आणि त्याला खुनी व्हायचं नव्हतं, हे मागाहून कळलं.

सगळा तंबू माझ्याकडे वळला. चहावाला महिपत उठून म्हणाला, "काय वो, तुमी तर कंपाउंडर बोललात. पुस्तकं वाचता का नुसते शिक्के मारता?"

माझं डोकंच सणकलं. दारावरच्या तिकीटवाल्याची खुर्ची ओढली आणि वर चढलो.

"पुस्तकात कंपाउंडरच आहे! सतराव्या पानावर त्याच्या हाताला आयोडीनचा वास येतो, हरेशने तिथेच धागा सोडलाय. चाळिसाव्या पानावर बाटली बदलते आणि आपल्याला पत्ता लागत नाय. असा खून लिहायला छाती लागते. या सिनेमावाल्यांनी त्याची माती केली!"

बोलत सुटलो. पाऊण तासात अख्खी कादंबरी सांगून टाकली. एक माणूस जागचा हलला नाही. खाली उतरलो तर हरेशने मिठीच मारली. त्याचे डोळे भरले होते, आणि मला माझीच जीभ चावावीशी वाटत होती.

घरी आल्यावर भूमिकाने विचारलं, "पानांचे आकडेसुद्धा पाठ?"

"सात वेळा वाचलंय. चुका शोधायला."

"मग, सापडल्या?"

मी पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवसापासून त्या पुस्तकासाठी वाचनालयात नंबर लागले. यादी अर्थात मीच लिहीत होतो. चार महिन्यांत दुसरी आवृत्ती निघाली आणि पहिली प्रत द्यायला हरेश स्वतः आला, पेढे घेऊन. पुस्तकाच्या पाठीवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'असा खून लिहायला छाती लागते.'

बारा वर्षांनी माझी ओळ छापून आली हो! मी चष्मा पुसून खालचं नाव वाचलं.

'एक वाचक, मुरबाड.'