चंद्रमौळी सरांची हजेरी

समिती साडेअकराला यायची होती आणि दहाच्या सुमाराला कॉलेजच्या कंप्युटरने चंद्रमौळी सरांना वर्गाबाहेर काढलं.

गिंडीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात धडे, हजेरी, परीक्षा सगळं नुकतंच कंप्युटरवर आलं होतं. 'उच्च शिक्षणाचं भविष्य' म्हणून ते समितीला दाखवायचं काम सरांचं, आणि ते जमलं तर उपप्राचार्याची खुर्चीही त्यांचीच. विद्यार्थ्यांना पडद्यावर काय दिसतं ते बघावं म्हणून सरांनी आदल्या दिवशी स्वतःलाच विद्यार्थी म्हणून स्वतःच्या वर्गात घालून घेतलं. इथेच माशी शिंकली.

"सावनी, हे लाल लाल काय आलंय?"

सिस्टिम सांभाळणारी सावनी कोल्हापूरची. ती वाकून बघत म्हणाली, "सर, तुमची हजेरी शून्य आहे. पालकांना घेऊन या म्हणतंय."

"कुणाच्या पालकांना?"

"तुमच्या."

"अय्यो! अगं, मी शिकवणारा!"

"शिकणारेही तुम्हीच की, सर. त्या विद्यार्थ्याला अडवलं, त्यात शिकवणारे तुम्हीही अडकलात."

"मग सोडव ना मला!"

"कशी सोडवू? 'पोरं तुला मस्का लावतात, तुलासुद्धा उघडता येऊ नये,' असं तुम्हीच सांगितलं होतं. मामा-काका चालायचे नाहीत, सख्खे आईबापच हवेत, तेही ओळखपत्र घेऊन."

सांगितलं होतं खरं! पोरं कुठल्याही रिक्षावाल्याला मामा करून उभी करतात, म्हणून सरांनीच हा नियम हट्टाने घालून घेतला होता. आता करतात काय? वडील वारलेले. राहिली आई, गोदाबाई, वय वर्षं ब्याऐंशी, मुक्काम मैलापूर. सरांनी फोन लावला. आईला एवढंच कळलं की ओळखपत्र घेऊन चंदूच्या कॉलेजात बोलावलंय.

प्राचार्यांबरोबर समिती आत येऊन बसली, पडदा लालच. तेवढ्यात रिक्षातून उतरून गोदाबाई दारात आल्या आणि प्राचार्यांना हात जोडून म्हणाल्या, "पोरगं हुशार आहे हो, पण आळशी. या खेपेला सोडून द्या त्याला."

सावनीने त्यांचं ओळखपत्र तपासून बटण दाबलं. पडदा हिरवा झाला. समितीचे अध्यक्ष खुर्चीतून उठलेच. "वा! प्रत्यक्ष पालकांनाच बोलावून दाखवलंत! याला म्हणतात प्रात्यक्षिक!"

सरांना काही समजेना, पण खुर्ची मिळाली एवढं समजलं. त्यांनी छाती फुगवली. "आमच्याकडे खोटे मामा चालत नाहीत, सर."

"बरं झालं बाई," गोदाबाई कौतुकाने म्हणाल्या. "तंजावूरच्या शाळेत तुला हेडमास्तरांनी पालकांना घेऊन बोलावलं, तेव्हा घोड्याचा जटका हाकणाऱ्या राणोजीला मामा म्हणून नेलं होतंस की रे! मला वर्षभराने कळलं."

समिती खो खो हसली. प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले.

समिती गेल्यावर सावनीने विचारलं, "सर, तो नियम तसाच ठेवायचा ना?"

उपप्राचार्य चंद्रमौळी आईला रिक्षात बसवायला निघाले होते. मागे न बघताच ते म्हणाले, "मामा चालेल म्हणून घाल."