चाळीस पायांची चिप

बंद पडलेली कोणतीही वस्तू हाती आली की आमचे शेजारी नरसय्याअण्णा आधी तिचं पोट उघडतात आणि आतल्या चिपचे पाय मोजतात. आमच्या दारावरची बेल बिघडली तेव्हा मी म्हटलं, "बघा जरा." त्यांनी आत डोकावून "आठच हायत की!" म्हटलं आणि बेल उघडी टाकून ते निघून गेले. ती आजही वाजत नाही.

अण्णांना चाळीस पाय हवे होते. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालणारा एक जुनापुराणा कॉम्प्युटर त्यांच्याकडे आहे. त्याची मुख्य चिप जळाली आणि तसली आता कुणी बनवत नाही. त्यांच्या पत्नी पद्मावहिनींनी स्वतः लिहिलेला नक्षी काढायचा एक प्रोग्राम त्याच्यावरच चालायचा. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. मुलानं नवा लॅपटॉप आणून दिला, तर अण्णा म्हणाले, "ह्याच्यात पद्मा न्हाय."

अण्णांनी जन्मभर सोलापुरी चादरींची, मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं पाडली. एक भोक चुकलं की मोराची मान मोडते, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. चिपच्या बाबतीतही तेच. एकदा ऑनलाइन मागवलेली चिप त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, तर वरचा नंबरच निघून आला. "नाव पुसलं जातंय, ते कसलं हो मास्तर?" असं मला म्हणत त्यांनी ती नकली चिप परत पाठवली. मेहुणीच्या नातवाच्या बारशाला बार्शीला गेले, ते वाटेत धान्यबाजारातला मोडका वजनकाटा घेऊन परत आले. बारसं राहिलंच. काट्यात चाळीस पाय निघाले, पण नंबर वेगळा. मी त्यांना चिक्कार हसलो, पण एवढ्या चिकाटीनं मी आयुष्यात काही शोधलेलं नाही.

शेवटी चिप सापडली ती त्यांच्याच धंद्यात. बंद पडलेल्या एका टॉवेल कारखान्याचं भंगार निघालं होतं. त्यात माग चालवणारी एक इलेक्ट्रॉनिक पेटी होती. अण्णांनी ती तिथेच उघडली आणि भर भंगारात बसकण मारली. "सापडली की वो मास्तर!"

त्या दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. चिप बसवली, कॅसेट फिरली आणि पडद्यावर रोमन अक्षरांत त्यांच्या घरची तेलुगू उमटली, 'तिन्नारा?'

"जेवलात का, म्हणतीया," अण्णा म्हणाले. "नक्षी काढाया बसलो की मी जेवण इसरायचो. म्हणून तिनं सुरुवातीलाच हे घातलं. व्हय म्हटल्याबिगर नक्षी उघडायची न्हाय. मी खुशाल उपाशीपोटी व्हय दाबायचो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"कधी म्हटलंच न्हाय. तेच तर बगायचं हाय."

चष्मा पुसून त्यांनी नाहीचं बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. 'लेवंडी. नेनू तिनलेदु.'

अण्णांनी हळू आवाजात मला अर्थ सांगितला, "उठा. मी बी जेवले न्हाय."

अण्णा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि आतून त्यांनी विचारलं, "मास्तर, जेवलात का?"

मी नुकताच दोन भाकरी चेपून आलो होतो.

"नाही," मी म्हणालो.