बापूचा धबधबा

आमचा शेजारी बापू आठल्ये उजेड आंब्यासारखा पारखायचा. "अजून कैरी आहे," म्हणून कॅमेरा मिटायचा, नाहीतर "गेला, डागी झाला," म्हणून हळहळायचा. घरची कलमं होती, त्याला ती भाषा शोभायची. लग्नात फोटो काढायला बोलावलं, तर वऱ्हाड अंगणात खोळंबायचं आणि हा ढगांकडे बघत बसायचा. पुढे कोणी बोलावीनासं झालं. पण त्याने टिपलेलं पूर्णगडच्या खाडीवरचं आभाळ आजही माझ्या भिंतीवर आहे. तसं आभाळ मला खाडीवर उभं राहूनही कधी दिसलं नाही.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या श्रावणात तो मला देवरुखच्या पलीकडे, डोंगरातल्या एका धबधब्यावर घेऊन गेला. पाठीवर सॅक, खांद्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं. रात्री गावातल्या देवळात पथारी आणि दिवसभर धबधब्यासमोर मुक्काम. दोन दिवस ढग हलले नाहीत. माझ्या पायांना जळवा लागल्या, चिवडा सादळला.

"परत जाऊ रे," मी म्हटलं.

"पिकतोय," बापू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेला ढग फाटले आणि अख्खा कडा पिवळाधमक झाला. बापू कॅमेऱ्यावर वाकला. तेवढ्यात गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी जवळ येऊन थांबली.

"माजा येक फोटू काडशाल? पोरगा मुंबयला हाय. त्येला धाडायचा हाय."

मला वाटलं, हा आता खेकसणार. बापूने मात्र कॅमेरा धबधब्यावरून काढला, तिला एका कातळावर बसवलं आणि तिच्या तोंडावरचं ऊन बघू लागला.

"मागे धबधबा तरी येऊ दे," मी म्हटलं.

"मुलाला आई बघायची आहे, पाणी नव्हे." मग तिला म्हणाला, "आजी, मुलाचं नाव काय?"

"शांताराम," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला, त्या क्षणी त्याने बटण दाबलं. तो मागे वळेपर्यंत कडा पुन्हा राखाडी झाला होता.

उतरताना तो म्हणाला, "आमच्या आईचा एकही फोटो नाही माझ्याकडे. चांगलं ऊन पडलं की काढू, म्हणत राहिलो."

पुढच्या आठवड्यात म्हातारीचा फोटो द्यायला तो एसटीने परत त्या गावी निघाला. टपालाने पाठव म्हटलं, तर म्हणाला, "घडी पडेल."