बांधावरची पंगत

काळूरामनं बांधात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. खेकड्यांनी बांध आतून पोखरून टाकला होता. पलीकडे न्हावा गावची खाडी, अलीकडे काळूरामनं आणि त्याच्या बायकोनं, सखुबाईनं, हंगामभर ओढलेली मिठाची रास. अमावास्येचं उधाण पाच दिवसांवर आलं होतं. हंगामअखेर ज्याची रास उभी नाही, त्यानं मिठागराचे मालक धाकूशेठ यांचं खोपटं सोडायचं असा नियम होता. आणि खोपट्यात लेक बाळंतपणाला आलेली.

चार पाट्या चिखल टाकला असता तरी भागलं असतं. पण शेठच्या हुकुमाशिवाय बांधाला कुदळ लावायची नाही, हाही नियमच. तो मुकादमाकडे धावला.

"चंदरदादा, बांधाला भगदाड पडलंय!"

"हळू बोल! वाईट खबर नेणाऱ्याला धाकूशेठ उभं करीत न्हाय, ठाव हाय ना? मागला मुनीम 'मीठ काळं पडलंय' येवढंच बोल्ला. आता गावाला भावाच्या दुकानात गूळ तोलतोय."

चंदरनं मुनीमाला सांगितलं, "दत्तोबा, बांध खेकड्यांनी जरासा पोखरलाय."

"'पोखरलाय' कशाला म्हणायचं? शेठ जेवायचे आहेत अजून," असं म्हणून दत्तोबा मुनीम आत गेला आणि हात जोडून म्हणाला, "शेठ, यंदा आपल्या बांधात खेकडे फार आहेत."

"वा!" धाकूशेठ खूश झाले. "अमावास्येचे खेकडे म्हणजे भरलेले. मुंबईचे व्यापारी त्याच दिवशी येतायत. बांधावरच पंगत मांडू! बांध कसा आहे?"

"उत्तम, शेठ."

अमावास्येला भर दुपारी बांधावर मांडव पडला. टेबलं आली, खुर्च्या आल्या, दहा वजनदार पाहुणे आले. खाडी चढत होती. काळूराम कालवणाचं पातेलं घेऊन उभा होता, पण डोळे पायाखाली.

"पाय ओले कसे झाले हो?" एका पाहुण्यानं विचारलं.

"खाडीची हवा," मुनीम म्हणाला.

दुसऱ्याची खुर्ची वीतभर खाली गेली. चंदर म्हणाला, "बसा, बसा. माती मऊ हाय, मुद्दाम ठेवलीय."

काळूरामला राहवेना. "शेठ, उठा! बांध फुटतोय!"

"याला कोणी बोलायला सांगितलं?" शेठ कडाडले.

"ऊन लागलंय त्याला, शेठ," मुनीम म्हणाला आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून भात वाढू लागला.

पाहुण्यांनी भात कालवला आणि बांध गेला. मांडव, टेबलं, पाहुणे, सगळं मिठागरात आलं. शेठना काळूरामनंच बखोटीला धरून चिखलातून ओढलं. तेवढ्यात त्याची रास विरघळून गेली.

तासाभरानं धाकूशेठ कचेरीत घोंगडं पांघरून बसले होते.

"मला कोणी सांगितलं का नाही? भोक पहिल्यांदा कोणी पाहिलं?"

मुनीमानं चंदरकडे पाहिलं, चंदरनं काळूरामकडे.

"पाच दिवस गप्प बसलास?"

काळूरामनं तोंड उघडलं. त्याला खोपटं दिसलं, भिंतीला टेकून बसलेली लेक दिसली. त्यानं हात जोडले.

"आता काय हाल आहेत बांधाचे? खरं सांग."

खिडकीतून दिसत होतं, की बांध होता तिथून खाडी सरळ आत वाहत होती.

"आता बांधाला एकबी भोक न्हाय, शेठ."

"शिका!" शेठ सगळ्यांवर ओरडले. "दुपारपासून पहिला धड शब्द ऐकला. दत्तोबा, मुंबईला लिहा, बांधाला एकही भोक नाही. आणि याचं खोपटं राहू द्या."

घरी सखुबाईनं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

"काय म्हनलं शेठ?"

"ऱ्हावा म्हनलं."

"ऱ्हाऊ. पर बांध न्हाय, आगर न्हाय. फुडल्या साली मीठ पिकवायचं कशात?"

"समदं उत्तम हाय," काळूराम म्हणाला.

सखुबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून बाहेर गेला. बाहेर खाडी दारापर्यंत आली होती.